काचेच्या आतल्या बाजूनं

"उचला आता. पण घाई नको," बाई म्हणाल्या.

माझ्यासारख्याच छपाई शिकायला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी कागदाची दोन टोकं चिमटीत धरली आणि कागद हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. ओल्या शाईवरून कागद सुटताना चरचर असा बारीक आवाज होतो. गेल्या आठ महिन्यांत त्या आवाजाची मला इतकी चटक लागली होती की त्यापायी मी दोन बस बदलून आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढून आठवड्यातून तीनदा बाईंच्या कलाशाळेत हजर व्हायचो. कागद अर्धा वर आला. आधी झाड दिसलं, मग दाराची मूठ, मग अक्षरं.

डॉक्टर थांबले. मान वाकडी करून त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो फोटोग्राफर, तुमचं दुकान आरशात गेलंय की."

अक्षरं उलटी होती. सगळीच्या सगळी. 'फोटो स्टुडिओ' उलटं, 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' उलटं, आणि खाली मालक म्हणून बारीक अक्षरांत लिहिलेलं माझं नावही उलटं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते, नाहीतर कपाळाला लावले असते.

ठशाचा कारभारच उलटा असतो. ठशावर उलटं कोराल तर कागदावर सुलट उमटतं. रबरी शिक्का एकदा निरखून पाहिला की कुणालाही हे कळतं. बाईंनी पहिल्याच दिवशी मला ते समजावलं होतं आणि मी 'हो हो' म्हणत मान डोलावली होती. चौतीस वर्षं निगेटिव्ह हाताळलेल्या माणसाला उलट-सुलट काय शिकवता, असा माझा रुबाब. तोच नडला.

झालं होतं असं. दुकानाच्या फोटोवर पातळ कागद ठेवून मी पेन्सिलीनं चित्र गिरवलं, बाईंनी सांगितल्याप्रमाणे तो कागद लिनोवर पालथा घातला आणि पाठीमागून घासला. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जातीचा जाड, मऊ तुकडा. त्यात कोरायला सोपं जातं. चित्र उलटं उमटलं, म्हणजे अगदी बरोबर उमटलं. पण उलटी अक्षरं डोळ्यांना दिसली मात्र, डोक्याला विचारायच्या आत हातांनी लिनो पुसून टाकली, कागद सुलटा ठेवला, खाली कार्बन घातला आणि सगळं पुन्हा गिरवलं. मग अक्षरं कशी छान वाचता यायला लागली. मी निश्चिंत झालो आणि तीन आठवडे कोपऱ्यात बसून ती चूक मनापासून कोरत राहिलो. मधे बाई दोनदा "बघू तरी" म्हणाल्या, तर मी वर फडकं टाकलं. डार्करूमची सवय. फोटो पुरा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"एकदा प्रत्येकाचं होतं हे," बाई म्हणाल्या. "माझं तीनदा झालंय."

"उजव्या दाढेऐवजी डावी काढण्यापेक्षा बरं," डॉक्टर म्हणाले.

"तसं झालंय का कधी?"

"नाही अजून. पण भीती रोज असते."

दोघं माझी समजूत घालत होते, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. पण मी मनात दिवस मोजत होतो. रविवारी प्रदर्शन होतं, आणि आज बुधवार. नवीन लिनो कोरायला वेळ नव्हता. आणि ते चित्र मी प्रदर्शनासाठी केलंच नव्हतं. ते हिच्यासाठी होतं.

आमचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. त्यात कुणाचा दोष नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, ओळखपत्राचे फोटो कचेरीतच काढायला लागले, आणि आमच्याकडे माणसं फक्त पत्ता विचारायला येऊ लागली. मी सामानाची वाटावाट करत होतो. कुणीतरी सांगितलं, नगरपालिकेच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सामायिक कलाशाळा आहे, तिथं फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर घेतील. बाईंनी एन्लार्जर ठेवून घेतला, आणि मलाही. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. एवढी मोठी चाकं असलेलं छापयंत्र त्या एका हातानं फिरवतात आणि दुसऱ्या हातानं बिस्किट खातात.

दोन लांबलचक खोल्या, उत्तरेकडच्या खिडक्या, छताखाली तारा आणि तारांना चिमट्यांनी टांगलेले ओले कागद. पहिल्या दिवशी ते कागद पाहिले आणि मला माझी डार्करूम आठवली. फक्त इथं उजेड होता, आणि माणसं होती. भिंतीवर बाईंच्या वळणदार अक्षरात एकच नियम लिहिलेला: शाईचा हात कागदाला नाही, कागदाचा हात शाईला नाही. त्यामुळे छपाईला कायम दोन माणसं लागतात. एकाचे हात काळे, तो शाई लावणार. दुसऱ्याचे हात कोरे, तो कागद ठेवणार आणि उचलणार. आज तुम्ही माझे कोरे हात, उद्या मी तुमचे. चित्र काढणारा पुढच्या बाजूला पेन्सिलीनं सही करतो आणि कोरे हात मागच्या बाजूला. जन्मभर अंधाऱ्या खोलीत एकट्यानं काम केल्याची ऐट मिरवणाऱ्या मला हे आधी खटकलं, मग आवडलं.

एकट्यानं, हे अर्थात खोटंच होतं. दुकानात ही होतीच की.

मी फोटो काढायचो आणि डार्करूममध्ये शिरायचो. पुढचं सगळं हिचं. काउंटरच्या मागे, दाराकडे तोंड करून तिचं टेबल होतं, कारण चांगला उजेड फक्त दारातून यायचा. तिथं बसून ती रिटचिंग करायची. धुळीमुळे फोटोवर पांढरे ठिपके पडतात, ते तीन केसांच्या ब्रशनं एकेक करून बुजवायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करायची, पण इतकीच की माणसाला वाटावं, आपण त्या दिवशी नीट झोपलो होतो. तिनं हात लावलेला फोटो आणि न लावलेला, यातला फरक गिऱ्हाइकाला कधी कळायचा नाही. तो फोटो बघायचा आणि मला म्हणायचा, "वा, काय फोटो काढलाय तुम्ही!" मीही मान लववून घ्यायचो.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका शाळेचा ग्रुप फोटो उलटी निगेटिव्ह लावून छापला होता. चाळीस प्रती. पाकिटात भरताना ही म्हणाली, "अहो, या सगळ्यांचे शर्टाचे खिसे उजवीकडे कसे गेले?" ती नसती तर चाळीस घरांत आमची शोभा झाली असती. तेव्हापासून दुकानातून फोटो बाहेर जायच्या आधी आमचा एकच प्रश्न असायचा: खिसे बघितले? उलटी अक्षरं दिसताच माझे हात ती पुसायला का धावले, ते आता कळलं असेल.

दुकान मिटल्यावर मला बाईंची कलाशाळा मिळाली. हिला काही मिळालं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती गप्प होत गेली. सकाळी दहा वाजले की तिची बोटं चुळबुळायची. चष्म्याच्या डबीत तो बारीक ब्रश अजून तसाच होता. डबी उघडायची, ब्रश बघायची, बंद करायची. "चल ना एकदा तिकडे," असं मी कितीदा म्हणालो. "तुमच्या छापखान्यात माझं काय काम?" हे उत्तर ठरलेलं. एकदा मात्र बोलली, "तुमचं बरंय. एक दुकान मिटलं तर दुसरं उघडलंत."

म्हणून मी ठरवलं की तिला दुकान परत द्यायचं, कागदावर का होईना. शेवटच्या दिवशी रस्त्यावर उभं राहून मी दाराचा एक फोटो काढला होता. काचेचं दार, त्यावरची अक्षरं. फोटो तसा सदोष होता, कारण काचेत समोरचं झाड, टपालपेटी आणि बाक यांचं प्रतिबिंब पडलं होतं. तरी मी तेही सगळं कोरलं. रविवारी तिला प्रदर्शनाला न्यायचं, चित्रासमोर उभं करायचं आणि जे चौतीस वर्षांत बोललो नाही ते बोलायचं, असा बेत. त्या बेताची ही अशी गत झाली होती.

ती उलटी प्रत टिश्यूच्या कागदात गुंडाळून मी पिशवीत घातली आणि घरी निघालो. बाईंना म्हणालो, फाडून टाकीन. वाटेत फाडायचं धाडस मात्र झालं नाही.

घरी ही काचेच्या बरण्या पुसत होती. त्या तिनं परवाच पुसल्या होत्या.

"आज लवकर सुटला छापखाना?"

"हो."

"चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. ऊन होतं."

"बाहेर ढग आलेत."

माणसांच्या चेहऱ्यावरचा थकवा जिनं जन्मभर ब्रशनं पुसला, तिच्यापुढे चेहरा लपवायचा कसा? मी पाणी प्यायला लागलो.

"पिशवीत काय?"

"रद्दी."

"रद्दी टिश्यूत गुंडाळून आणता होय?"

माझा हात पोचायच्या आत तिनं गुंडाळी बाहेर काढली आणि टेबलावर उलगडली. मला आठवतं, घाबरलेलो असतानाही एक गोष्ट मी पाहिली. शाई ओली आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, तरी तिनं कागद फक्त कडेला, दोन दोन बोटांनी धरला होता. कित्येक महिन्यांनी तिच्या हातांत काहीतरी नीट बसल्यासारखं दिसत होतं.

तिनं पाहिलं. मी वाट बघत राहिलो.

"खिसे नाही बघितलेत वाटतं," ती म्हणाली, आणि हसली. थोडंसंच, पण हसली.

"मी फाडणारच होतो. तीन आठवडे फुकट गेले. तुला दाखवायचं होतं म्हणून—"

"थांबा जरा."

तिनं डबीतून चष्मा काढला. कागद उचलून बरण्यांना टेकवून उभा केला, दोन पावलं मागे गेली, खुर्ची ओढून बसली. मग खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. पुन्हा बसली.

"हे तुम्ही कुठून काढलंत?"

"समोरून. शेवटच्या दिवशी. मी नाही का रस्त्यावर उभा होतो?"

"नाही," ती म्हणाली. "हे आतून आहे."

"अगं, आतून कसं? मी बाहेर—"

"झाड बघा. उजवीकडे. माझ्या उजवीकडेच होतं ते. टपालपेटी डावीकडे, अर्धी दाराच्या चौकटीत लपलेली. पोस्टमन पेटी उघडायचा तेव्हा मला त्याची नुसती कोपरं दिसायची. दाराची मूठ या बाजूला. आणि अक्षरं..." ती थांबली. "मान वर केली की मला अक्षरं अशीच दिसायची. तुमचं नाव मी चौतीस वर्षं असंच वाचलंय. सुलटं फक्त पावतीवर."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. काचेतलं प्रतिबिंब आणि ठशाचा उलटेपणा एकमेकांना असे जाऊन मिळाले होते की रस्त्यावरून घेतलेलं दार आता दुकानात बसून बघितल्यासारखं दिसत होतं. काचेवर उलटी अक्षरं, काचेपलीकडे झाड, बाक, रस्ता. फोटोतला जो दोष म्हणून मी हळहळलो होतो, तोच आता खिडकीबाहेरचा देखावा झाला होता. मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवतो. पण त्या खुर्चीवर मी एकदाही बसलो नव्हतो. तिथून काय दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"मी आतच होते तेव्हा," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही हा फोटो काढलात तेव्हा. टेबल आवरत होते. तुम्ही म्हणालात, आतच थांब, मध्ये येऊ नकोस."

"तू दिसत नाहीस त्यात."

"कशी दिसणार? काचेत झाड आलंय ना."

तिनं ते अगदी सहज सांगितलं, उजेड कमी होता असं सांगावं तसं. तक्रारीचा सूर असता तर मी काही उत्तर दिलं असतं. रविवारसाठी जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही त्या क्षणी आठवेना.

"मी तुला कधी म्हटलंच नाही," मी म्हणालो.

"काय?"

"हेच. की ते सगळे फोटो... लोक माझं कौतुक करायचे, आणि मी ते घेत राहिलो. निम्मं काम तुझं होतं. निम्म्याहून जास्त. तू होतीस म्हणून मी फोटोग्राफर झालो. माझ्यावर तुझे फार उपकार आहेत."

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उपकार काय, मी शेजारीण आहे का? भूक लागली असेल. पानं घेऊ?"

"घे."

पण ती उठली नाही. कागदाकडे बघतच बसली होती.

"अशा किती काढायच्यात?"

"अशा? अशा कुठल्या काढू? सुलट कोरायला वेळच नाही आता."

"सुलट कशाला? हीच काढा. किती?"

"सहा लागतात."

"आणि कागद कोण धरतं?"

"डॉक्टर धरतात, पण उद्या-परवा त्यांचा दवाखाना आहे. बाकीचे आपापल्या कामात."

"कडेनंच धरायचा ना?" ती म्हणाली. मग उठली आणि पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस पायऱ्या आम्ही तीन टप्प्यांत चढलो. वर बाई दारातच उभ्या होत्या.

"या, या. तुमच्याबद्दल फार उत्सुकता होती."

"का? काय सांगितलंय यांनी माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. म्हणूनच."

दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी शाईचा डबा शोधायला गेलो.

हिनं आधी भिंतीवरचा नियम वाचला. मग हात धुतले, पुसले, आणि पुन्हा कुठं टेकायला नकोत म्हणून छातीशी धरून उभी राहिली. मी टेबलावरच्या काचेवर शाई पसरली, रोलर फिरवला, ठशाला शाई दिली. तिनं कागद दोन कडांना धरला, अंगठे बाहेरच्या बाजूला, मधे किंचित झोळ देऊन, आणि ठशावर असा सोडला की बाई बिस्किट खायचं विसरल्या. पहिल्याच दिवशी कागद सरळ सोडणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मला पंधरा दिवस लागले होते.

"शिकलायत का कुठं?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. यांचे ओले फोटो वाळत घालायची मी."

यंत्र फिरलं. तिनं कागद उचलला. चरचर आवाज झाला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तो आवाज तिलाही आवडलाय. पहिली प्रत तारेवर गेली. दुसरी, तिसरी. आम्ही फार बोललो नाही. दुकानातही कामाच्या वेळी बोलायचो नाही. पण मधल्या भिंतीशिवाय आम्ही पहिल्यांदाच काम करत होतो, तिचे हात काम करताना मी समोरून बघत होतो.

पाचव्या प्रतीवर घोळ झाला. शाईत कुठूनतरी धुळीचा कण आला होता. दाराच्या काळ्याकुट्ट चौकटीत टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका राहिला.

"ही बाद," बाई म्हणाल्या. "बाजूला ठेवा, अजून एक काढू."

"बाद कशाला?" हिनं विचारलं.

"ठिपका आहे ना."

"मग बुजवू की."

"नाही हो. आमच्यात छापलेली प्रत सुधारत नाहीत. यंत्रातून आली तशी."

"आमच्यात सुधारल्याशिवाय देत नाहीत," ही म्हणाली.

अगदी हळू आवाजात म्हणाली, पण खोलीतले बाकीचे लोकही मान वर करून बघायला लागले. बाईंनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण बाई मोठ्या मनाची बाई. त्या म्हणाल्या, "दाखवा बरं."

हिनं प्रत खिडकीजवळच्या टेबलावर नेली. चष्म्याच्या डबीतून ब्रश काढला. काचेवरच्या शाईतला तीळभर अंश ब्रशच्या टोकावर घेतला, तो रद्दी कागदावर टिपून टिपून जवळपास संपवला, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. ब्रश लावतेय की नुसता दाखवतेय, ते दुरून कळत नव्हतं. हात जराही हलत नव्हता. एरवी वरण वाढताना डाव किंचित थरथरतो तिचा.

"झालं," ती म्हणाली, आणि ब्रश पुसायला लागली.

बाईंनी भिंग आणलं. चौकट वरून खाली बघितली, खालून वर बघितली. कागद तिरका धरून उजेडात बघितला. मग भिंग माझ्याकडे दिलं. मीही बघितलं. ठिपका कुठं होता हे दोन मिनिटांपूर्वी मी स्वतः पाहिलं होतं, तरी सापडेना.

"कुठं होता हो?" बाईंनी विचारलं.

"होता तिथंच," ही म्हणाली.

बाईंनी ती प्रत स्वतःच्या हातांनी तारेवर नेऊन लावली, बाकीच्यांच्या मधोमध. मग म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी काय करता तुम्ही? माझ्या डोळ्यांना आता बारीक काम झेपत नाही. इथं शिकायला येणाऱ्या मुलींना कुणीतरी हात कसा धरायचा ते दाखवायला हवंय." हिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. थेट उत्तर दिलं, "मंगळवारी जमेल."

त्या दिवशी आम्ही सहाच्या सात प्रती काढल्या.

शनिवारी शाई सुकल्यावर सह्या करायला बसलो. प्रत्येक प्रतीखाली डावीकडे तिचा क्रमांक, उजवीकडे मी माझं नाव लिहिलं. मग कागद पालथे करून बाईंनी हिच्याकडे पेन्सिल दिली. "कोऱ्या हातांची सही मागे."

"मागे नको," मी म्हणालो. "बाई, पुढं दोन नावं चालतील का?"

"तसा नियम काही नाही."

"अहो, कशाला उगाच?" ही म्हणाली. "मागे करते ना. कुणी बघितलं काय नि नाही काय."

"तसं नाही. काचेवर माझं एकट्याचं नाव होतं, ते मी चौतीस वर्षं तसंच ठेवलं. एवढं ऐक."

मी कागद सुलटे केले. तिनं पेन्सिल ब्रशसारखी, अगदी टोकाशी धरली आणि माझ्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर पुरं करत. सातही प्रतींवर. मग चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाली, "खिसे बघा." मी बघितले. सगळं सुलट होतं.

रविवारी प्रदर्शनात आमचं चित्र जिन्याच्या तोंडाशी लागलं होतं. एक बाई त्यासमोर थबकल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "अगंबाई, हे उलटं छापलं गेलंय बहुतेक. कुणी सांगितलं नाही का बिचाऱ्यांना?" मी पुढं होणार होतो. ही माझ्याआधी गेली.

"चूक नाही ती," तिनं त्यांना सांगितलं. "तुम्ही दुकानाच्या आत बसलायत. ते रस्त्यावरचं झाड."

त्या बाईंनी पुन्हा पाहिलं. "अय्या, खरंच की," म्हणाल्या, आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. ही त्यांच्याशेजारी हात मागे बांधून उभी होती. कुणाच्या चित्राजवळ उभं राहिलं की हात असेच मागे बांधायचे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सातवी जास्तीची प्रत निघाल्यामुळे एक आम्हांला घरी नेता येणार होती. भिंतीवरची सोडून बाकीच्या प्रती टेबलावर पसरल्या होत्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी इतक्या सारख्या. हिनं त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली आणि एक उचलली. मी खालचा आकडा वाचला. पाच.

ती आता आमच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. मंगळवारी ही कलाशाळेत मुलींना शिकवायला जाते आणि मी घरी असतो. चहाचा कप घेऊन मी तिच्या खुर्चीवर बसतो आणि बघत राहतो. उलटी अक्षरं, पलीकडे झाड, टपालपेटी, बाक. मग उठून जवळ जातो आणि चित्रातल्या दाराच्या काळ्या चौकटीवर बोट न टेकवता वरून खाली शोधतो. कधीकधी भिंगही घेतो. तिला विचारलं तर ती सांगेल, पण मी विचारलेलं नाही. ठिपका मला अजून सापडलेला नाही.